शेजारच्या मशीनचा आवाज

बोटीत चारजणी वल्हवतात आणि पाचवी नुसती बसून ओरडते. ती पाचवी मी. उंची एवढीशी, वजन त्याहून कमी आणि आवाज मात्र गल्ली दणाणून सोडणारा, म्हणून क्लबाने मला सुकाणूवर बसवलं आणि नाव ठेवलं चिमणी. वल्हवणाऱ्या पाठमोऱ्या पुढे जातात. आपण कुठे चाललोय ते त्यांना दिसत नाही, दिसते ती आपल्यासमोर बसलेलीची पाठ. माझं तोंड मात्र त्यांच्याकडे. आणि माझ्या अगदी पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर, पहिल्या जागेवर कवळीताई बसायची. तिचा चेहरा मी तिच्या आईपेक्षा जास्त पाहिलाय, आणि तोही दम लागून तिला खोटं वागता येत नसताना.

कवळीताई हे नाव धंद्यावरून पडलं. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे, तिथे ती कवळ्या बनवते. खालून डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे वर पाठवतात. ही त्यात प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्या घडवते, एकेक दात बसवते आणि शेवटी घासून चकचकीत करते. तिच्या बाकावर नेहमी पाच-सहा जबडे आ वासून पडलेले असतात. रस्त्यात कुणी तिच्याकडे बघून हसलं की ही माझ्या कानाशी लागून म्हणणार, "वरचे पुढचे चार माझे." लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती म्हणते, "तुमच्या दाढेला वास येतोय, दाखवून घ्या." तो प्रश्न मग पुन्हा कुणी विचारत नाही.

आणि खोटं कशाला सांगू, कवळीताई जळकुकडी होती. होती म्हणजे आहे. शेजारच्या बाकावरच्या बाईला नवा दिवा मिळाला की हिला आपल्या दिव्याखाली अंधार दिसायला लागतो. मी नवा कोट घेतला तेव्हा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पण तिची एक गोष्ट मला आवडायची, ती तोंडावर सांगून टाकायची. "चिमणे, तुझा कोट माझ्या डोळ्यात खुपतोय. आज माझ्याशी बोलू नकोस." बोलून टाकलं की पोट मोकळं व्हायचं तिचं. पोटात ठेवून कुजवणाऱ्यांपैकी ती नव्हती.

पहिल्या जागेचं महत्त्व वल्हवणाऱ्यांनाच कळतं. तिथे बसणारी जी लय धरते तीच मागच्या तिघींनी उचलायची. कामावर डॉक्टर सांगतील तसं, घरी आई सांगेल तसं वागणाऱ्या कवळीताईच्या मागे या एकाच ठिकाणी माणसं निमूट चालायची. मागे पोस्टवाली, तिच्या मागे एकाच शाळेत शिकवणाऱ्या दोघी, त्यांना आम्ही जोडी म्हणायचो. चार जागा, चारजणी. कुणी आजारी पडलं तर बोट बांधून ठेवायची, एवढा साधा हिशेब. त्यामुळे आपली जागा जाऊ शकते हा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता.

मग तिच्या धाकट्या भावाने लग्न केलं.

आम्ही तिच्या भावजयीला नवी म्हणायला लागलो आणि तेच नाव राहिलं. गोदामात खोकी उचलायचं काम करायची ती. दारातून आत येताना मान खाली घालायची, ती नम्रपणाने नव्हे, चौकट लागायची म्हणून. स्वभावाने गप्प, हसली तर सगळं तोंड हसायचं. आणि दात, कवळीताईने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, दात असे की "एकालाही हात लावायची गरज नाही." हे तिने ज्या सुरात सांगितलं ना, त्यावरूनच मी ओळखलं की आता काही खरं नाही.

तीन खोल्यांचं घर. आई, भाऊ, ताई आणि आता नवी. वल्हवणाऱ्यांना भूक लागते. ताईने पातेल्यात दुसऱ्यांदा डाव घातला की आई म्हणायची, "घरात आणखी माणसं आहेत." नवीने तिसऱ्यांदा घातला की तीच आई म्हणायची, "घे गं, अंगमेहनतीचं काम आहे तुझं." खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून ताई बूट घालायची, ती खुर्ची एक दिवस नवीच्या बाजूला सरकली, कारण तिचे पाय टेबलाखाली मावत नव्हते. भाऊ शाळेत असल्यापासून नदीकाठच्या रस्त्याने सायकल हाणत आमच्या बोटीबरोबर यायचा, "ताई, ओढ!" म्हणून बोंबलायचा. लग्नानंतर रविवारी सकाळी त्याला झोप यायला लागली. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथे तर नावडतीला मीठच वाढत नव्हते, असं ताईचं म्हणणं. मी तिच्या घरी जाऊन येऊन असायचे. मला विचाराल तर घर जसं होतं तसंच होतं, फक्त एक माणूस वाढलं होतं. पण जळणाऱ्याला धूर आधी दिसतो.

अडचण अशी की या वेळी तिला बोलता येईना. माझ्या कोटाबद्दल बोलणं वेगळं आणि भावाच्या बायकोबद्दल बोलणं वेगळं. नणंद म्हटलं की लोक आधीच भुवया वर करतात. "मी गोष्टीतली नणंद होणार नाही," ती मला म्हणाली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा तिने पोटात ठेवायचं ठरवलं, आणि तिला त्याची काडीची सवय नव्हती.

थंडीत आमच्या नदीला पाणी चढतं, बोटी कुलपात जातात. मग बोटघराच्या माडीवर मशीनं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीसरसा एक लांब दांडा, त्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पाय बांधायला पट्टे, हातात दांडीसारखी मूठ. मुठीला साखळी आणि साखळीच्या टोकाला जाळीत बसवलेला पंखा. मूठ ओढली की पंखा फिरतो, घूं करून आवाज निघतो. जेवढं जोरात ओढाल तेवढी हवा आडवी येते. समोर छोटासा पडदा, तो तुमचा वेग दाखवतो. पाय आधी, मग पाठ, शेवटी हात. पाण्यात जे काम अंगाला करावं लागतं ते सगळं इथे करायचं. फक्त पाणी नाही, वारा नाही आणि कुणाच्या माथ्यावर फोडायला बोट नाही. आकडा तुमचा एकटीचा. म्हणूनच वल्हवणारे या मशीनचा मनापासून तिरस्कार करतात आणि रोज त्यावर बसतात.

अशाच एका सकाळी भाऊ बायकोला घेऊन माडीवर आला. "हिला जरा बसवून बघा ना, गंमत म्हणून."

नवी बसली. गोदामातलं खोकं खेचावं तशी तिने मूठ खेचली. हात आधी, पाठ वाकडी, साखळी नुसती उड्या मारतेय. जोडीतली एक खुदकन हसली. मग आम्हाला वल्हवायला शिकवणाऱ्या मास्तरांनी पडद्यात डोकावलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोकावलं. आकडा कवळीताईच्या आकड्यापेक्षा चांगला होता. काही न येता.

"उद्यापासून या," मास्तर म्हणाले.

भाऊ असा फुलला जसं काही त्यानेच ओढलं. ताईने टाळ्या वाजवल्या. मी तिच्या हातांकडे पाहत होते, टाळ्या नुसत्या बोटांच्या होत्या, तळवे एकमेकांना लागत नव्हते.

आता पाचजणी झाल्या आणि जागा चारच. मास्तरांनी फळ्यावर लिहून टाकलं: थंडी संपताना मशीनवर चाचणी, दोन हजार मीटर, पहिल्या चार बोटीत, पाचवी राखीव. वसंतातल्या शर्यतीला तीच बोट जाणार. कवळीताईने फळा वाचला आणि माझ्या दंडाला धरून मला जिन्यात नेलं.

"मशीन तरंगत नाही, चिमणे. त्याला वजन कळत नाही, तोल कळत नाही. बैल बांधला तरी आकडा येईल."

"मग सांग ना मास्तरांना."

"मी सांगितलं तर काय म्हणतील? भावजयीवर जळते म्हणतील."

"मग जळत नाहीस का?"

"जळते," ती म्हणाली. "पण म्हणून मशीन तरंगायला लागलं का?"

 आणि तिची भीती खरी होती. पोस्टवाली रोज दहा रस्ते चालायची आणि जोडीचं वय आमच्या निम्मं. पाचवी कोण होणार हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

त्या धसक्याने तिने असा वेडेपणा केला की तो आठवला तरी मला अजून राग येतो. पंख्याच्या बाजूला एक खिट्टी असते, एक ते दहा. दहावर लावली की हवा जास्त आत येते आणि ओढायला जड लागतं. नवशिक्यांना वाटतं जड म्हणजे चांगलं. पाठ मोडते आणि आकडा काही वाढत नाही. हे आजवर प्रत्येक नवीन पोरीला कवळीताईनेच शिकवलं होतं: खिट्टी मध्यावर, जोर पायात. आणि आता हीच बाई सगळ्यांच्या आधी माडीवर येऊन खिट्टी दहावर लावून ओढायला लागली. चार दिवसांत बाकावर वाकून दात बसवता येईनात. एका म्हाताऱ्याची कवळी हिने उलटसुलट सुळे लावून खाली पाठवली. डॉक्टर वर आले आणि पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. घरी आईने पाठीला शेकायला गरम पिशवी दिली आणि म्हणाली, "वय झालं आता तुझं. नवीला बघ, एवढं ओढते, कुठे दुखत नाही." झालं. मिरच्या झोंबल्या त्या नाकाला झोंबल्याच.

मास्तरांना बिचाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी चांगल्या मनाने आगीत तेल ओतलं. आमच्याकडे रुळांची एक जोडी आहे. दोन मशीनं चाकांच्या रुळांवर चढवून एकमेकांना जोडायची. मग ती बोटीसारखी हलतात. दोघींची ओढ एकदम पडली तर लोण्यासारखं सरकतं, एकीचीही चुकली तर दोघींना मानेपर्यंत हिसका बसतो. मास्तर म्हणाले, "कवळीताई, तुझ्यासारखी लय कुणाची नाही. पुढे तू, मागे तुझी भावजय. शिकव तिला."

आपली जागा घ्यायला आलेलीला आपणच तयार करायचं. ताई मला म्हणाली, "आता तिच्यासाठी कवळीही बनवून देते, चावायला सोपं जाईल." पण तिने शिकवलं. बोटीच्या बाबतीत तिला वाईट काम करताच येत नसे, हात शिवशिवायचे. पहिल्या दिवशी हिसक्यांनी दोघींच्या माना आखडल्या.

"बघू नकोस," ताई ओरडली. "डोळे मीट. माझ्या पंख्याचा आवाज ऐक. माझा चढला की तुझा चढला पाहिजे, माझा संपला की तुझा संपला पाहिजे."

"हो ताई," नवी म्हणाली आणि डोळे मिटले.

महिन्याभरात त्या दोन पंख्यांचा मिळून एकच आवाज येऊ लागला. मी सुकाणूवाली, माझा कान याच गोष्टीत तयार झालाय. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे तेव्हा वर एकच मशीन चालू आहे असं वाटायचं. नवीची पाठ सरळ झाली, साखळी शांत झाली आणि आकडा आणखी सुधारला. कवळीताईने शिकवलेलं सगळं तिने घेतलं. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "शिष्या असावी तर अशी." गुरूबद्दल कुणी बोललं नाही.

मग एका लांबच्या, संथ फेरीच्या वेळी ती गोष्ट घडली. मशीनं रुळांवरून उतरवलेली, सुटी, शेजारी शेजारी. प्रत्येकीने आपापल्या वेगाने ओढायचं होतं. ताईला कामावर जायची घाई होती म्हणून तिने वेग थोडा वाढवला. शेजारी नवीचाही वाढला. ताईच्या ते लक्षात आलं. तिने मुद्दाम कमी केला. नवीचाही कमी झाला. पुन्हा वाढवला, पुन्हा वाढला. नवीचे डोळे मिटलेले, तोंडावर काही नाही. जोडलेलं नसतानाही तिचं अंग शेजारच्या आवाजाला बांधलं गेलं होतं. ताईने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात कुणी नाही आणि दुधावरचं झाकण सरकलेलं, हे मांजराला दिसल्यावर ते जसं इकडेतिकडे बघतं, तसं तिने पाहिलं.

वल्हवणाऱ्या कुणालाही विचारा, दोन हजार मीटरचा एकच धडा असतो: सुरुवातीला उधळायचं नाही. पहिल्या पाचशेत अंगात मावत नाही एवढा जोर असतो, तो तिथे उधळलात तर शेवटच्या पाचशेत पायांचं लाकूड होतं आणि मशीन तुम्हाला दयेची भीक घालत नाही. कवळीताईने आयुष्यात कधी सुरुवात उधळली नव्हती. तिची चाचणी म्हणजे घड्याळ.

चाचणीच्या सकाळी माडीवर पाच मशीनं एका ओळीत लावलेली. मास्तर म्हणाले, हवी ती घ्या. नवी कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. ताई आपलं नेहमीचं खिडकीजवळचं मशीन सोडून तिच्या शेजारी जाऊन बसली. भाऊ दाराशी उभा होता, रविवारची झोप मोडून आलेला. त्याच्या शेजारी शाल गुंडाळून आई, जी आजवर एकदाही बोटघराची पायरी चढली नव्हती. माझं काम समोर उभं राहून ओरडायचं. पाचही चेहरे माझ्याकडे.

मास्तरांनी सुरू म्हटलं आणि कवळीताई सुटली. सुटली म्हणजे कशी, पाठीला विंचू चावल्यासारखी. तो पंखा जो किंचाळला तो मी तिच्या मशीनचा कधी ऐकला नव्हता. मी "ताई, दमाने!" म्हणून ओरडले, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिचं सगळं लक्ष उजव्या कानात होतं. आणि उजवीकडे नवीचा पंखा तसाच किंचाळत उठला. डोळे मिटून ती मागोमाग निघाली. ताईच्या तोंडाचा कोपरा वर गेला. एवढ्या धापेतही तो वर गेला, आणि मला कळलं. हिला जिंकायचं नव्हतंच. हिला तिला जाळून टाकायचं होतं. दोघी मिळून जळल्या तरी चालेल, फक्त तिची राख जास्त व्हायला हवी होती. आपण जुन्या, मुरलेल्या, शेवटी कसंबसं निभावून नेऊ. ती कच्ची, ती मोडेल, असा हिशेब.

अर्ध्यापर्यंत दोघी बाकीच्यांच्या कितीतरी पुढे होत्या. मग हिशेब फिरला. मोडली ती ताई. आधी तिचे खांदे वर आले, मग हनुवटी, मग पाय. पडद्यावरचा आकडा घसरायला लागला. पोस्टवाली पुढे गेली, जोडी पुढे गेली. आणि नवी? ताईचा आवाज पडला तेव्हा मला वाटलं हिचाही पडणार. नाही पडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिने तो सोडून दिला आणि आपल्या आपण वर गेली. तिने क्लबाची आजवरची सर्वांत चांगली वेळ नोंदवली. ताई पाचवी आली, सर्वांच्या कितीतरी नंतर. शेवटी शेवटी तर ती माडीवर एकटीच ओढत होती आणि सगळे तिला बघत होते, आईसुद्धा.

तिचं संपलं तेव्हा नवी बैठकीवरून लादीवर उतरली होती. तिथून गुडघ्यांवर सरकत ती ताईकडे गेली, तिच्या गळ्यात पडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, माझ्यासाठी एवढं केलंत! मला पुढे काढायला स्वतःची जागा घालवलीत!"

 मग मास्तरांनी पुन्हा चष्मा काढला, या वेळी डोळे पुसायला. पोस्टवाली नाक ओढायला लागली. खरंच की, लोकांना पटलं. कवळीताईसारखी घड्याळ बाई सुरुवातच उधळते म्हणजे दुसरं काय असणार? भावजयीला लय द्यायला स्वतःला जाळलं. एवढं मोठं मन! भाऊ धावत आला आणि लहानपणी करायचा तसा ताईच्या पाठीवर डोकं टेकून बसला. ताईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. लोकांना वाटलं, दम लागलाय.

तिथून तिचे हाल सुरू झाले. क्लबात शिरली की पोरी उठून खुर्ची देत. मास्तरांनी नवीला पहिली जागा दिली आणि ताईला राखीव ठेवताना एक छोटंसं भाषण केलं, त्यात त्याग हा शब्द तीनदा आला. डॉक्टर जिना चढून कौतुक करायला आले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कौतुक तिला हवंच होतं, आयुष्यभर हवं होतं, आणि मिळालं ते असलं.

"मी वाईट आहे, चिमणे," ती मला म्हणाली. "मला निदान वाईट तरी म्हणा कुणीतरी."

"म्हणते की. तू वाईट आहेस."

"तू म्हणून काय उपयोग? तू कायमच म्हणतेस."

पाणी उतरलं, बोटी बाहेर निघाल्या. माझ्या पुढ्यात आता नवीचा चेहरा, शांत, डोळे मिटलेले. ताई काठावरून बघायची. तिचं ते उभं राहणं मला बघवत नसे. पाठीमागे हात बांधून, ओठ मिटून, लोक म्हणत "बघा, एवढं करून वर हौसेने बघायला येते." पहिल्या जागेशिवाय ती माणूस म्हणून अर्धी दिसायची, हे मात्र कुणी म्हणालं नाही.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात मशीनं झाकून ठेवायची होती. साखळ्यांना तेल द्यायचं, पंख्याच्या जाळीतली धूळ काढायची, बैठकीखालचा रूळ पुसायचा. मी, ताई आणि नवी, तिघी माडीवर. खालून जोडीच्या हसण्याचा आवाज येत होता. ताई जाळीत ब्रश घालून बसली होती. ती एकाएकी थांबली.

"मी तुला पुढे काढायला नव्हते गेले," ती म्हणाली. नवीकडे न बघता, पंख्याला म्हणाली. "तू माझ्या आवाजामागे येतेस हे मला माहीत होतं. तुला उधळवून मोडायला गेले होते. चिमणीला विचार. तिने बघितलंय."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

नवी साखळी पुसत होती. तिने फडक्याची घडी बदलली आणि पुसतच राहिली. मला वाटलं आता ही रडणार, किंवा नाही नाही म्हणत पुन्हा गळ्यात पडणार.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पहिल्या दहा ओढींतच कळलं. तुमचा पंखा मी महिनाभर रोज ऐकलाय ताई. तुम्ही अशा कधी निघत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, चला. तुम्ही नेताय तिथपर्यंत येते, मग तुमच्याच समोरून जाते."

"मग ते गळ्यात पडणं? सगळ्यांसमोर?"

नवीने आता वर पाहिलं. एवढी मोठी बाई, पण तोंड शाळेतल्या पोरीसारखं लाल झालं होतं. "तुम्हाला शिव्या देता आल्या नसत्या. माझी नणंद आहात. म्हणून म्हटलं, कौतुक करू. मला वाटलं तुम्हाला ते जास्त झोंबेल."

"झोंबलं," ताई म्हणाली.

खरं सांगते, मी हातातली तेलाची बाटली घट्ट धरून उभी होते. पण ताईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती चक्रावली होती. "पण तू का? माझ्यावर जळण्यासारखं आहे काय? तुला सगळं मिळालं. खुर्ची मिळाली. भाऊ मिळाला. आई तुझ्याच मागे मागे."

"आई?" नवी हसली, पण सगळं तोंड हसलं नाही. "तुम्ही कामावर गेलात की आई दुसरं बोलतात काय? 'माझी लेक पहाटे उठते, कुणाला हाक मारत नाही. माझ्या लेकीने बाप गेल्यावर घर ओढलं. माझ्या लेकीच्या हाताला जी सफाई आहे ती तुझ्या हाताला नाही.' पातेलं घासताना हेच, कपडे वाळत घालताना हेच. लग्न झाल्यापासून. मी तिसऱ्यांदा जेवायला घेतलं तरी म्हणतात, 'घे, पण माझी लेक दुसऱ्यांदा घेतानासुद्धा थांबून दुसऱ्यांकडे बघते.' आणि हे? हे तर झोपेत 'ताई, ओढ' म्हणतात. तुम्ही चाचणीला मोडलात ना, तेव्हा आईंनी माझं नाव घेतलं नाही. 'माझ्या पोरीला पाणी द्या रे कुणीतरी' म्हणत होत्या. मी पहिली आले होते."

एवढं ती कधी बोलली नव्हती. लेकी बोले सुने लागे, पण इथे सुनेला जे लागत होतं ते लेकीच्या कानापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. बोटीत मी कवळीताईचा चेहरा सगळ्या प्रकारांनी पाहिलेला: ओढताना, हरताना, जिंकताना, जळताना. हा नव्हता पाहिला. ब्रश तिच्या हातातून मांडीवर पडला होता आणि धूळ सगळ्या कपड्यांवर झाली होती, तिला पत्ता नव्हता.

खालून मास्तरांनी हाक मारली, बोट काढायची वेळ झाली होती. नवी उठली. बोटीत आता तिची जागा होती, पहिली.

ताईने तिच्या मनगटाला धरून तिला परत बैठकीवर बसवलं.

"थांबू देत त्यांना," ती म्हणाली. "पातेलं घासताना काय म्हणाली आई? पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."